विश्लेषण : टसरच्या पतंगाला नवे नाव न देणारे कर्नल साइक्स

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यातील ऐन-अर्जुनाच्या जंगलात कोसा पिकतो. या कोशातून निघणारे टसर रेशीम विदर्भाच्या करवतकाठी साडीत वापरले जाते. हा कोसा विणणाऱ्या पतंगाचे शास्त्रीय नाव शोधायला गेले तर मात्र गोंधळ होतो. काही पुस्तकांत ‘अँथेरिया मायलिट्टा’ आहे, काहींत ‘अँथेरिया पॅफिया’. हाच पतंग पुण्या-नगरकडच्या रानातही आहे, हे 1834च्या सुमारास विद्वानांपुढे मांडले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला हा कंपनीचा अधिकारी मराठी मुलखातील मासे, पक्षी आणि रानकुत्र्यांना शास्त्रीय नावे देण्यासाठी ओळखला जातो. टसरच्या पतंगाला मात्र त्यांनी नवे नाव दिले नाही.

कोण होते साइक्स?

जन्म 1790चा, इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात उमेदवार म्हणून भरती. त्या काळी हे नवलाचे नव्हते. घरात धाकट्या मुलांसाठी कंपनीची नोकरी ही ठरलेली वाट होती. 1805 मध्ये लॉर्ड लेक यांच्या फौजेतून ते भरतपूरच्या वेढ्यात होते. म्हणजे पंधराव्या वर्षी त्यांनी लढाई पाहिली.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते भाषेमुळे. 1810 मध्ये ते हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांचे दुभाषे म्हणून उत्तीर्ण झाले. अनेक अधिकारी हुकूम देण्यापुरती भाषा शिकत. साइक्स यांची मराठी त्याहून पुढे गेली असावी, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. 1817च्या नोव्हेंबरात खडकी आणि पुण्याच्या लढायांत ते देशी पलटणीचे नेतृत्व करत होते. त्यानंतरच्या डोंगरी किल्ल्यांच्या मोहिमेतही ते होते. याच काळात ते वेरूळला गेले आणि लेण्यांवर लेख लिहिला. पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला हा माणूस पुढे काही वर्षे त्याच मुलखात वही, तराजू आणि बॅरोमीटर घेऊन फिरला.

दख्खनची मोजणी म्हणजे काय होते?

1820 मध्ये साइक्स सुट्टीवर युरोपात गेले. चार वर्षांनी परतले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची माहिती सरकारला हवी होती. गावे किती, माणसे किती, जमीन कोणाची, वतने कोणाकडे, सारा किती बसतो, पीक काय येते, हे सारे. त्यासाठी 1824 मध्ये साइक्स यांना सांख्यिकी वार्ताहर नेमण्यात आले. पद नवे होते आणि कामाला तयार नमुनाही नव्हता.

या मोजणीमागे कंपनीचा हिशेब होता, हे विसरून चालत नाही. सारा बसवायचा तर आधी रान आणि रयत मोजावी लागते. पण साइक्स यांनी कामाचा अर्थ फार ऐसपैस घेतला. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या जिल्ह्यांत फिरताना त्यांनी जनगणना केली, मिरासदार आणि उपऱ्यांच्या जमिनीचे हक्क नोंदवले आणि वजने-मापे तपासली. हवेचा दाब दिवसाच्या ठरावीक वेळी मोजला. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा ठरलेल्या तासांना चढतो आणि उतरतो, यावर त्यांनी पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला.

आणि प्राणी. वाटेत जे उडे, पोहे, सरपटे, त्याचा नमुना ते मिळवत. 1829 मध्ये काटकसरीसाठी त्यांचे पदच रद्द झाले. साइक्स यांनी लष्करातून रजा मागितली आणि अपुरे काम स्वतः बसून पुरे केले. 1831 मध्ये ते कायमचे इंग्लंडला गेले, तेव्हा सामानात हजारो नोंदी आणि नमुने होते.

मराठी नावे शास्त्रात कशी गेली?

एखाद्या प्राण्याचे वर्णन पहिल्यांदा छापणाऱ्याला त्याचे नाव ठेवण्याचा मान मिळतो. नाव लॅटिन वळणाचे असावे, एवढाच तेव्हा दंडक. त्यामुळे बहुतेक जण ग्रीक देवता, आश्रयदाते किंवा मित्रांची नावे देत. साइक्स यांनीही तसे केले. आपल्या तळ्याकाठची ढोकरी त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रे यांच्या नावाने नोंदवली, तर मोठ्या सातभाईला गव्हर्नर माल्कम यांचे नाव दिले.

पण त्याच यादीत एका रातव्याला त्यांनी ‘महराटेन्सिस’ म्हटले, एका चंडोलाला ‘देवा’ आणि एका छोट्या वटवट्याला ‘रामा’. 1832च्या त्यांच्या पक्षियादीत शास्त्राला नवे असे 56 पक्षी होते.

माशांच्या बाबतीत ते आणखी पुढे गेले. भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे त्यांनी नोंदवले आणि मासेमाऱ्यांच्या तोंडची नावे जशीच्या तशी शास्त्रीय नावात घातली. ‘टॉर खुद्री’ हा महसीर, ‘गारा मुल्या’ म्हणजे मल्या, ‘मिस्टस सींगटी’ म्हणजे शिंगटी. शिवाय कोळस आणि नुक्टा. ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत साइक्स यांच्या नावासह छापली जातात. जाळे टाकणाऱ्या ज्या माणसांनी ती सांगितली, त्यांची नावे त्या पुस्तकांत नाहीत. त्या काळच्या पद्धतीला धरूनच हे झाले. तरी निदान शब्द तेवढे टिकले, हेही कमी नाही.

नाव देण्याच्या खेळात हार कशी होते, हेही साइक्स यांनी अनुभवले. दख्खनचा रानकुत्रा त्यांनी 1831 मध्ये ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ म्हणून मांडला आणि मराठे त्याला कोळसून म्हणतात, हेही नोंदवले. आज ताडोब्यात कळपाने शिकार करणारा हाच प्राणी. पण रशियातल्या पॅलास यांनी 1811 मध्येच या जातीला ‘अल्पायनस’ नाव देऊन ठेवले होते. ज्याचे नाव आधी, त्याचे खरे. साइक्स यांचे नाव उरले ते फार तर उपजातीपुरते.

‘कोलिसुर्रा’ म्हणजे नेमके काय?

आता पतंगाकडे. दख्खनच्या रानात बोरीच्या, ऐनाच्या फांद्यांना सुपारीहून मोठे, अंड्याच्या आकाराचे, कडक कोश लटकलेले साइक्स यांना दिसत. स्थानिक लोक त्या किड्याला जे म्हणत, ते त्यांनी रोमन लिपीत ‘कोलिसुर्रा’ असे उतरवले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1834च्या सुमारास आलेल्या त्यांच्या लेखाचा विषयच ‘दख्खनचा कोलिसुर्रा रेशीमकिडा’ हा होता. मराठी नाव याही वेळी मथळ्यात होतेच.

या कोशाचा मराठी मुलखातला उपयोग पाहून साइक्स यांना आश्चर्य वाटले असणार. लोक त्यातून रेशीम काढत नसत. कोश गोल-गोल कापून त्याची लांब पट्टी करत आणि तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला आवळायला ती वापरत. चामड्याच्या वादीपेक्षा ही पट्टी जास्त टिके. ज्याने कधी टसरचा कोश हातात धरून दाबला आहे, त्याला हे पटेल. तुतीच्या रेशमाचा कोश बोटाने दबतो. टसरचा कोश सुक्या बेलफळाच्या कवचासारखा वाटतो.

सैन्यातल्या माणसाला बंदुकीची वादी आधी दिसावी, हे स्वाभाविक आहे. पण साइक्स तिथे थांबले नाहीत. हा किडा नवा आहे की आधीच कोणाला माहीत आहे, हा प्रश्न त्यांनी घेतला.

ओळख पटवणे इतके अवघड का?

टसरचा पतंग फसवा आहे. पंख पसरले तर वीतभर रुंद. प्रत्येक पंखावर एक गोल डोळा आणि त्या डोळ्याच्या मध्यात काचेसारखा पारदर्शक ठिपका. इथवर सोपे आहे. पण नर बहुतेक विटकरी किंवा तपकिरी असतो आणि मादी पिवळसर किंवा राखाडी. शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. त्यांनी तो अंधारात लांबून मादीचा गंध ओळखतो. मादीच्या मिशा अरुंद आणि पोट अंड्यांनी फुगलेले.

त्यात प्रदेशानुसार फरक. एकाच जातीचे चाळीसहून अधिक स्थानिक वाण भारतात नोंदले आहेत. सिंहभूमचा डाबा, ओडिशाचा मोदल, बस्तरचा रैली आणि आपल्याकडचा भंडारा. कोणाचा कोश मोठा, कोणाचा गडद, कोणाचा फिकट. काही वाण वर्षाला एकच पीक देतात, काही दोन, काही तीन. हे सर्व आपसांत प्रजनन करू शकतात, म्हणून जात एकच. पण कागदावर रंगवलेले एक पतंगाचे चित्र आणि समोर टाचणीला लावलेला दुसरा पतंग यांत एवढे अंतर पडू शकते की अभ्यासक त्याला वेगळी जात ठरवून मोकळा होईल. एकोणिसाव्या शतकात असे बऱ्याचदा झाले.

म्हणून शहाणा अभ्यासक फक्त पंख पाहत नाही. अळी कशी आहे, ती कोणत्या झाडाचा पाला खाते आणि कोश फांदीला कसा बांधते, हेही पाहतो. टसरच्या अळीची बांधणी फार खास आहे. हिरवी, जाड, बोटाएवढी अळी कोश विणण्याआधी फांदीभोवती रेशमाचे घट्ट कडे करते. त्या कड्यापासून एक देठ निघतो आणि देठाच्या टोकाला कोश लटकतो. पान गळून पडले तरी कोश पडत नाही. अशी कोशबांधणी कोणी बंगालमधून वर्णिली असेल आणि तीच नगरकडच्या बोरीवर दिसत असेल, तर प्राणी तोच असण्याची शक्यता मोठी.

बंगालमधून हे वर्णन कोणी केले होते?

ते काम स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग यांनी केले. आधी आंध्रच्या किनाऱ्यावर सामलकोटला आणि 1793 पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ते अधिकारी होते. बंगालच्या टसर आणि एरी या दोन रेशीमकिड्यांवरचा त्यांचा लेख लंडनच्या लिनियन सोसायटीने 1804 मध्ये छापला. डोंगरी भागातले लोक झाडाखाली अळीची विष्ठा पाहून वर अळ्या शोधतात, त्या फांद्यांसकट तोडून घराजवळच्या ऐनाच्या झाडांवर सोडतात आणि दिवसा कावळ्यांपासून, रात्री वटवाघळांपासून राखण करतात, हे त्यांनी लिहून ठेवले. नागभीडकडच्या माणसाला यात काहीच परके वाटणार नाही.

गंमत अशी की टसरची अळी ज्या दोन झाडांवर वाढते, त्यांचीही शास्त्रीय वर्णने रॉक्सबर्ग यांचीच. अर्जुनाच्या शास्त्रीय नावात त्यांनी ‘अर्जुना’ हा संस्कृत शब्दच ठेवला.

साइक्स यांनी दख्खनचा किडा रॉक्सबर्ग यांच्या किड्याशी ताडून पाहिला आणि निष्कर्ष काढला की हा तोच आहे. म्हणून त्यांनी तेच नाव वापरले : ‘फॅलेना पॅफिया’. ज्या माणसाने 56 पक्ष्यांची नवी नावे छापली, तो इथे सहज ‘दुखुनेन्सिस’ किंवा ‘कोलिसुर्रा’ असे नवे नाव ठोकून देऊ शकला असता. लेखाला वजनही आले असते. पण मग एका प्राण्याला आणखी एक फाजील नाव चिकटले असते आणि बंगालच्या टसरविषयी जमलेले ज्ञान दख्खनच्या किड्याला लागू आहे, हे कळायला आणखी काही दशके गेली असती. साइक्स यांच्या साऱ्या प्राणिशास्त्रीय कामात सर्वांत समंजस निर्णय कदाचित हाच म्हणावा लागेल.

मग दोन नावे आली कुठून?

नावांचा गुंता साइक्स यांच्या आधीचा आहे. स्वीडनच्या लिनियस यांनी 1758 मध्ये जगभरच्या प्राण्यांची दुपदरी नावे असलेला ग्रंथ काढला. त्यात मोठ्या रेशीमपतंगांचा एक गट होता. आशियाचा ‘ॲटलस’, उत्तर अमेरिकेचा ‘सेक्रोपिया’, दक्षिण अमेरिकेचा ‘हेस्पेरस’ आणि त्यांच्याच रांगेत ‘पॅफिया’.

यांतल्या दक्षिण अमेरिकी पतंगाची कथा टसरशी मिळतीजुळती आहे. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार 1699 मध्ये सुरिनामला गेली. तिथल्या किड्यांची अंड्यापासून पतंगापर्यंतची चित्रे तिने 1705 मध्ये छापली. तिथले मोठे कोश पाहून यातून चांगले रेशीम निघेल असे तिला वाटले आणि तिने नमुने हॉलंडला पाठवले. उद्योग काही उभा राहिला नाही. पण तिची चित्रे लिनियससारख्यांच्या हाताशी होती आणि न पाहिलेल्या देशातल्या पतंगांना त्यांच्या आधारे नावे मिळाली. त्या काळी बरीचशी नावे अशीच ठेवली जात : कोणाचे चित्र, कोणाचे दोन ओळींचे वर्णन, जहाजातून आलेला एखादा फाटका नमुना.

लिनियसचे वर्णन त्रोटक होते. पुढे 1773 मध्ये लंडनचे ड्रू ड्रुरी यांनी भारतातून आलेल्या पतंगाचे रंगीत चित्र छापून त्याला ‘मायलिट्टा’ म्हटले. ड्रुरी हे चांदीकामाचे व्यापारी. धंद्यातला पैसा ते किड्यांवर खर्च करत आणि परदेशी जाणाऱ्या खलाशांना, डॉक्टरांना नमुने आणायला सांगत. त्यांचे चित्र स्पष्ट होते, त्यामुळे ते पाहून भारतीय टसर ओळखता येत होता. 1819च्या सुमारास जर्मनीच्या याकोब ह्यूब्नर यांनी या गटासाठी ‘अँथेरिया’ हे कुलनाम काढले.

दोन्ही नावांचा अर्थ पाहिला तर आणखी मजा आहे. पॅफिया म्हणजे सायप्रसमधल्या पॅफोसची देवी, अर्थात ग्रीकांची अफ्रोडायटी. मायलिट्टा हे बाबिलोनकडच्या देवीचे नाव आणि ग्रीक लेखकांनी तिला अफ्रोडायटीच मानले. एका पतंगाला दोन नावे पडली, तीही एकाच देवीची.

साइक्स यांच्या वेळी यावर निवाडा देणारा लिखित नियमच नव्हता. आधीचे नाव खरे धरायचे, हा संकेत नियम म्हणून प्रथम नीट लिहिला गेला तो 1842 मध्ये, इंग्लंडच्या ह्यू स्ट्रिकलंड यांच्या समितीकडून. पण नियमानेही हा वाद सुटत नाही. लिनियसची ‘पॅफिया’ म्हणजे नेमका कोणता पतंग, यावर सारे अडते. तो भारतीय टसर असेल तर 1758चे नाव आधीचे, म्हणून ते खरे. तो दुसराच कोणी असेल तर 1773चे ‘मायलिट्टा’ खरे. भारतातील रेशीम संशोधनात ‘मायलिट्टा’ रुळले आहे; काही पतंगतज्ज्ञ अजूनही ‘पॅफिया’ लिहितात.

चांद्याचा कोसा साइक्स यांच्या लेखात का नाही?

साइक्स यांच्या लेखातला दख्खन हा त्यांच्या नेमणुकीचा दख्खन होता. चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि ते राज्य कंपनीने खालसा केले 1854 मध्ये. म्हणजे पुण्याच्या पूर्वेला सहाशेहून अधिक किलोमीटरवरचे नागभीडचे जंगल साइक्स यांच्या नकाशाबाहेर होते. भीमेकाठी ज्या कोशाची बंदुकीला वादी होत होती, त्याच कोशापासून वैनगंगेच्या खोऱ्यात लोक कापड काढत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदा जिल्ह्याची इंग्रजी माहितीपत्रके निघू लागली, तेव्हा त्यांत टसरचा धंदा आणि तो करणारे ढिवर यांची नोंद आली.

ढिवर हा मुळात पाण्यावर जगणारा समाज. तलावात मासे धरणे, शिंगाडा लावणे हा धंदा. तोच समाज पावसाळ्यात जंगलात टसरच्या अळ्यांची राखण करतो. अंडी फुटली की बारीक अळ्या ऐन-अर्जुनाच्या कोवळ्या पाल्यावर सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर न्यायच्या. महिना-दीड महिना ही अळी पाच अवस्थांतून वाढते. या काळात पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या, प्रार्थनाकीटक सारेच टपलेले असतात. माणूस दिवसभर गुलेल आणि हाकाटी घेऊन झाडाखाली. कोश तयार झाले की ते उकळून धागा काढायचे काम बहुधा बायकांचे. टसर पट्ट्यात पूर्वी हा धागा मांडीवर पीळ देऊन काढत. कातडी सोलवटून निघे. आता त्यासाठी यंत्रे आली आहेत. विणकाम कोष्ट्यांचे.

साइक्स यांनी माशांची नावे मासेमाऱ्यांकडून घेतली. टसरची सर्वांत बारीक माहिती असलेले लोकही मासेमारच होते, फक्त ते दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात राहत होते. त्यांची आणि साइक्स यांची गाठ पडली असती तर 1834चा तो लेख वेगळा झाला असता, एवढे म्हणता येते.

पुढे साइक्स यांचे काय झाले?

1833 मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. वय त्रेचाळीस. पुढची चाळीस वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली आणि तीही तितकीच धावपळीची. 1834 मध्ये लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. दख्खनचे मासे, लावे, जमिनीचे हक्क, बौद्ध धर्म, हवामान अशा विषयांवर लेख निघत राहिले. 1840 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि 1856 मध्ये अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी 1857चा उठाव झाला आणि 1858 मध्ये कंपनीचे राज्य संपले. ज्या कंपनीत पोरवयात शिरले, तिच्या अखेरच्या काळात तेच सर्वोच्च जागी होते. 1857 मध्ये ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीनमधून पार्लमेंटवर निवडून आले. चीनमधल्या तायपिंग बंडाच्या वेळी ब्रिटिश सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध ते संसदेत बोलत राहिले. 16 जून 1872 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

दख्खनच्या ज्या मोठ्या सांख्यिकी अहवालांसाठी त्यांनी पद गेल्यावरही रजा काढून काम केले, त्यांचा फारसा उपयोग कोणी केला नाही. त्यांचे नाव राहिले ते पक्ष्यांमुळे आणि माशांमुळे.

त्यांच्या हयातीतच टसरला युरोपात भाव येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या तुतीच्या रेशीमकिड्यांवर पेब्रिन हा रोग पडला आणि उद्योग कोलमडला. लुई पाश्चर यांनी 1865 पासून काही वर्षे त्यावर काम केले आणि अंडी घालणाऱ्या मादीला सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत दिली. इंग्लंडच्या लीक गावचे रंगारी थॉमस वॉर्डल यांनी टसरवर पक्का रंग बसवण्याची रीत शोधून 1878च्या पॅरिस प्रदर्शनात ते कापड मांडले. रानटी रेशमाला बाजार मिळाला.

नावाचा आजच्या शेतकऱ्याला काय उपयोग?

लॅटिन नाव पॅफिया की मायलिट्टा, याने नागभीडच्या कोसा उत्पादकाला फरक पडत नाही. फरक पडतो तो जातीच्या आत कोणता वाण, याने. अंडीपुंज घेताना तो भंडारा आहे की डाबा, वर्षाला किती पिके देणारा, आणि मादीची पेब्रिनसाठी तपासणी झाली आहे का, हे प्रश्न महत्त्वाचे. पाश्चर यांची ती तपासणी टसरमध्येही चालते : अंडी घातल्यावर मादी कुटून तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सारी अंडी नष्ट करतात.

यांतही अडचण जुनीच आहे, रॉक्सबर्ग यांच्या काळापासूनची. तुतीचा रेशीमपतंग हजारो वर्षांच्या पाळीव जीवनात उडायचे विसरला. टसरचा नर अजूनही उडून जातो. बियाण्यासाठी कोश टांगून ठेवले की संध्याकाळनंतर पतंग बाहेर येतात. तोंडातून पाझरणाऱ्या द्रवाने कोशाचे टोक मऊ करून ते वाट काढतात. त्यांना खायला तोंडच धड नसते, आयुष्य आठवड्याभराचे. त्या रात्री नर हाती लागला नाही तर तो जंगलातल्या दुसऱ्या मादीकडे जातो आणि टांगलेल्या कोशांवरच्या माद्या काही वेळा रानातून आलेल्या नराशी जुळतात. म्हणूनच टसरचा वाण शुद्ध ठेवणे हे तुतीच्या रेशमापेक्षा कितीतरी जिकिरीचे काम आहे.